दोन ब्रेकची गाडी

६ जानेवारी

प्रिय पिपाणीस,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी उलटली तरी पिपाणी म्हणते म्हणून रागावू नकोस. लहानपणी तू झोपेतसुद्धा वाजायचास, त्याला मी काय करू? फोन मुद्दाम करत नाही. फोनवर मला अर्धंच ऐकू येतं आणि तू दुप्पट बोलतोस, मग कामाचं नेमकं मधल्यामधे सांडतं. म्हणून पत्र.

शेडमधली गाडी विकायची आहे.

ह्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षभर सकाळी उठून शेडचं दार उघडायचं, गाडीवरची चादर सारखी करायची आणि दार लावून घ्यायचं, एवढाच माझा तिच्याशी संबंध. परवा चादर काढून बघितली तर पुढच्या चाकातली हवा गेली होती. एका अंगावर कलली होती, म्हातारं माणूस काठीवर रेलतं तशी. मला ते बघवलं नाही. उभी गाडी आणि बसून राहिलेलं माणूस, दोघांना गंज चढतो, असं हे म्हणायचे. मी काही बसून राहिलेली नाही, शिवणाचे दोन वर्ग चालवते. पण गाडी उभी आहे हे खरं.

लेक म्हणते, आई, राहू दे, बाबांची आठवण आहे. म्हटलं, आठवणीला चाकं कशाला लागतात?

तू जुन्या गाड्या विकणाऱ्यांकडे जाहिराती लिहितोस. एक बहिणीसाठी लिही. चांगल्या घरी पडू दे, बाकी माझी काही अट नाही.

भावजयीला आशीर्वाद. तिच्या ब्लाउजांची मापं पाठव म्हणावं, जुन्या मापांवर माझा विश्वास नाही.

तुझी
ताई


१३ जानेवारी

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

ताई, तू सोन्याच्या खाणीवर बसून लोकांना शिवण शिकवते आहेस! दाजींची ती गाडी अजून आहे, हे मला ठाऊक होतं, पण विकायला निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. सध्या बाजाराला जुन्याचं वेड लागलंय. ज्या गाड्यांना आपण धक्के मारायचो, त्यांच्यासमोर आता लोक हात बांधून उभे राहतात.

पत्र मिळालं त्याच दिवशी जाहिरात लिहून टाकली. वाच:

“कोठारात सापडला खजिना! वर्षानुवर्षं काळोखात जपलेली अतिदुर्मीळ क्लासिक. एकहाती वापर. शंभर टक्के मूळ अवस्थेत. डोळे दिपवणारा आकाशी रंग, त्यावर काळाने चढवलेली अस्सल झळाळी. जाणकाराने पोटच्या पोरीसारखी सांभाळलेली. किरकोळ काम बाकी. चावी फिरवा आणि सोनेरी दिवसांत शिरा. अशी संधी पुन्हा नाही!”

आमच्या मालकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, अंगावर काटा आला. हा माणूस गेली कित्येक वर्षं माझ्या जाहिराती ऐकतोय, त्याच्या अंगावर सहसा काटा येत नाही.

गाडीचे फोटो पाठव. चादर काढून, आणि जमलं तर संध्याकाळच्या उन्हात. उन्हात सगळं चांगलं दिसतं.

लिहिताना दाजींची फार आठवण आली. असा माणूस पुन्हा होणे नाही.

मापं आमची ही स्वतंत्र पाठवणार आहे. मला त्यातलं काही सांगायला तयार नाही.

तुझा
पिपाणी


२२ जानेवारी

चि. पिपाणीस आशीर्वाद.

तुझी जाहिरात वाचली. फार सुंदर आहे. कुठल्या गाडीची आहे?

कोठारात सापडली म्हणतोस, पण ती हरवली कधी होती? शेडला खिडकी आहे. शेजारणीचं मांजर रोज दुपारी तिच्या टपावर झोपतं, त्यालाही ती कधी शोधावी लागली नाही. अतिदुर्मीळ म्हणशील तर आपल्या गावात तेव्हा दुसरी गाडीच नव्हती. दातांच्या डॉक्टरांची हीच, बेकरीवाल्याची हीच, आणि मुख्याध्यापकांची हीच. एकदा लग्नाला सगळ्या शेजारी शेजारी लागल्या आणि डॉक्टर बेकरीवाल्याची गाडी घेऊन घरी गेले. गाडीत पावाचा वास आला तेव्हा त्यांच्या बायकोला कळलं.

“एकहाती वापर” वाचून मात्र मी शिवण बाजूला ठेवून हसले. अरे, ड्रायव्हिंग स्कूलची गाडी ती! अख्ख्या गावाचे हात लागलेत तिला. गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसून गेलेत, ते काय एका हाताने? बावरलेल्या माणसाच्या तळव्याला इतका घाम येतो की स्टिअरिंगला मी दरवर्षी नवीन कापडी खोळ शिवायची.

मूळ अवस्था म्हणजे नक्की कुठली रे? उजवं दार बेकरीवाल्याच्या गाडीचं आहे, ती मोडीत निघाली तेव्हा ह्यांनी काढून आणलं. म्हणून ते जरा वेगळं निळं दिसतं. बाकीचा आकाशी रंग शाळेच्या खिडक्यांना लावून उरला होता. आणि ज्याला तू झळाळी म्हणतोस, त्याला आपण घरात डाग म्हणतो.

पोटच्या पोरीसारखी सांभाळली हे खरं आहे, पण ते लेकीसमोर म्हणू नकोस. रविवारी हे गाडी धूत आणि पोरीची वेणी माझ्याकडे ढकलत, ते ती अजून विसरलेली नाही.

चावी फिरवून कुठेही शिरता येत नाही. आधी ते बटण ओढायचं, मग थांबायचं, मग चावी, मग पुन्हा थांबायचं. थंडीत तर हे तेवढ्यात चहा पिऊन येत.

आता एक शेवटचं. जाहिरात संपताना “अशी संधी पुन्हा नाही” म्हणालास. आणि त्याच कागदावर खाली ह्यांच्याबद्दल, “असा माणूस पुन्हा होणे नाही.” गेल्या वर्षी हे गेले तेव्हाच्या तुझ्या पत्रातही तेच वाक्य होतं. पत्र छान होतं, आल्यागेल्याला मी वाचून दाखवलं, सगळे म्हणाले काय लिहितो हो तुमचा भाऊ. पण सगळे गेल्यावर मी ते पुन्हा वाचलं, आणि त्यात मला हे कुठेच भेटले नाहीत. कुणाच्याही नवऱ्याला लागू पडेल असं होतं ते.

रागावू नकोस. तुला नाही सांगणार तर कुणाला?

फोटो लेक काढून पाठवेल. ढगाळ दिवशी काढायला सांगितलेत.

तुझी
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस नमस्कार.

फोटो मिळाले. गाडी आहे तशी दिसते आहे, म्हणजे तुझ्या मनासारखे आलेत.

ताई, तुझं बरोबर आहे, पण बाजार तुझ्यासारख्या माणसांनी भरलेला नाही. आमच्या धंद्याची एक भाषा आहे आणि ती सगळ्यांना कळते. “किरकोळ काम बाकी” म्हणजे इंजिन वेगळ्या पेटीत मिळेल. “प्रामाणिक गाडी” म्हणजे दिसायला कुरूप. “प्रेमाने वापरलेली” म्हणजे कुत्र्याचे केस. “जाणकारांसाठी” म्हणजे घेणारा पस्तावणार. लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. “दुर्मीळ” लिहिलं नाही तर लोक विचारतात, का हो, दुर्मीळ नाही का? मग दुर्मीळचं अतिदुर्मीळ होतं. आता अतिदुर्मीळही कुणाला पुरत नाही. परवा मालक म्हणाले, त्याच्यावरचा एखादा शब्द शोध.

घरीसुद्धा ही म्हणते की मी आमटीला “काळाच्या कसोटीवर उतरलेली” म्हणालो. मला आठवत नाही, पण म्हणालो असेन.

असो. चांगली बातमी आहे. मालकांनी फोटो एका कारखानदाराला दाखवले. त्याच्याकडे जुन्या गाड्यांचं काचेचं दालन आहे. खाली गालिचा, वर दिवे, प्रत्येक गाडीसमोर पितळी पाटी. त्याला ही हवी आहे, न बघता! मात्र गाडी “मूळ” करून द्यायची. दाजींच्या बाजूचा तो जादा ब्रेक आणि क्लच काढायचा, दारावर ड्रायव्हिंग स्कूलचं नाव पुसट दिसतं ते घासून रंगवायचं, उजवं दार बदलायचं, मागची सीट नवी करायची. खर्च मालकांचा. तुला फक्त हो म्हणायचं आहे.

तिथे तिच्यावर धूळ बसणार नाही, ताई. एक माणूस नुसता पुसायला ठेवलाय.

दाजींबद्दल लिहिलंस ते वाचलं.

तुझा
पिपाणी


९ फेब्रुवारी

चि. पिपाणीस आशीर्वाद.

नाही.

त्या कारखानदारांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, तुम्हाला हवी ती गाडी माझ्याकडे नाही. जादा ब्रेक काढला, नाव घासलं, दार बदललं, सीट बदलली, मग उरलं काय? रंग. तो तर शाळेचा आहे.

तुला त्या सीटची गोष्ट पूर्ण ठाऊक नसेल. तू तेव्हा कॉलेजसाठी बाहेरगावी होतास. हे शिकवायला लागले तेव्हा बायका शिकायला यायच्याच नाहीत. परक्या माणसाशेजारी बसून गावभर फिरायचं, लोक काय म्हणतील! पहिली आली ती दवाखान्यातली नर्स. ती दारातच म्हणाली, “वहिनी मागे बसणार असतील तर मी येते.” मग मी बसले. तिच्यानंतर दुसरी आली, मग तिच्या दोघी बहिणी, मग मुख्याध्यापकांच्या घरातून. मी आपली मागच्या सीटवर डावीकडे बसून काजं करायची. गाडीला हिसका बसला की सुई बोटात. त्या वर्षांत शिवलेल्या कपड्यांची काजं बघ, एकही सरळ नाही. लेक झाल्यावर तिलाही मांडीवर घेऊन बसायची. आम्ही दोघी किती हिंडलो त्या गाडीतून! आणि कुठेही न जाता. स्टेशन, चढ, बाजार, घर. स्टेशन, चढ, बाजार, घर.

ह्यांचं शिकवणं मला तिथून पाठ झालं. आवाज कधी चढवला नाही. चढावर गाडी बंद पडायची, मागून हॉर्न वाजायचे, शिकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. हे खिशातून शेंगदाणे काढायचे आणि म्हणायचे, “घाई नको. गाडी पळून जाणार नाही, आपणच आत बसलोय.” मागून ओरडणाऱ्याला खिडकीतून हात करून सांगायचे, “तुम्हीही इथेच शिकलात हो!” आणि ते बहुतेक वेळा खरं असायचं.

आणि माणूस तयार झाला की एक दिवस, काही न बोलता, हे चपला काढून सीटवर मांडी घालून बसायचे. पाय वर. म्हणजे ब्रेकपासून लांब. म्हणजे आता तुझं तू बघ. गावात बोलणंच पडलं होतं, “झाली का शिकून?” “कालच मांडी मिळाली.” परवाना पुढे कधीतरी यायचा, पेढे मांडीचेच वाटायचे.

तो ब्रेक काढायचा म्हणतोस? ह्यांनी गावाला काय शिकवलं असेल तर तो न वापरायला शिकवलं.

दुसरं गिऱ्हाईक बघ. नसेल मिळत तर राहू दे, मांजराला तरी उपयोग आहे.

तुझी
ताई


१८ मार्च

ती. ताईस,

इतके दिवस उत्तर दिलं नाही. चार वेळा लिहायला बसलो. जे लिहीन ते विकाऊ वाटायला लागलं. “प्रिय ताई” लिहिलं तरी वाटायचं, हे कुठल्या जाहिरातीत वापरलं होतं?

मग गेल्या आठवड्यात एक गोष्ट आठवली, ती सांगतो. त्यातली अर्धी तुला माहीत आहे.

वडिलांना दवाखान्यातून शेवटचं घरी आणलं तो दिवस. डॉक्टरांनी वर बघून हात जोडले होते. तू वडिलांना धरून मागे बसलीस. दाजी मला म्हणाले, “तू चालव.” मी तेव्हा जेमतेम शिकत होतो. बडबडीपायी मला काही जमत नसे. दाजी म्हणायचे, “बोल रे, पण रस्त्याशी बोल.” मी म्हटलं, दाजी, आज नको. रस्ता खणलेला आहे, बाबांना हिसका बसेल. ते म्हणाले, “तुझे वडील आहेत. तूच चालव.”

दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो आणि त्यांनी चपला काढल्या. मांडी घातली. मागून वडील म्हणाले, “जावईबापू, पाय खाली ठेवा हो.” तर दाजी म्हणाले, “बाबा, मुलगा चालवतोय.” बस, एवढंच. घरापर्यंत मी एक शब्द बोललो नाही. एकही खड्डा लागू दिला नाही. घरी टेकल्यावर वडील म्हणाले, “पिपाणी आज वाजली नाही, म्हणजे गाडी यायला लागली.” हे सगळं तुला आठवत असेल.

पण तू मागे बसली होतीस, म्हणून एक गोष्ट तुला दिसली नसेल. दाजी मांडी घालून पुढे बघत होते, चेहरा शांत, आणि खिडकीखाली दाराची मूठ त्यांनी अशी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. घरापर्यंत सोडली नाही. मला कळलं, या माणसाला भीती वाटते आहे. माझ्याइतकीच. आणि तरी त्याने पाय वर घेतलेत.

उतरल्यावर हात चोळत मला म्हणाले, “झकास!” आणि शेंगदाणे दिले.

ते गेल्याचं कळलं तेव्हा मला हेच आठवलं होतं, ताई. पण लिहायला बसलो आणि हात नेहमीच्या वळणाने गेला. ते सोपं असतं.

आता जाहिरात पुन्हा लिहिली आहे. तुला विचारून छापायला द्यायला हवी होती, पण विचारलं असतं तर मी पुन्हा दहा शब्द घातले असते. आमच्या जाहिरातपत्रिकेच्या येत्या अंकात येईल. अशी आहे:

“विकणे आहे. ड्रायव्हिंग स्कूलची जुनी गाडी. दोन ब्रेक, दोन क्लच. रंग निळा, उजवं दार जरा वेगळं निळं. थंडीत चालू व्हायला वेळ घेते. मागच्या सीटवर डावीकडे खळगा आहे, तिथे मालकीणबाई बसत. शिकवणाऱ्याने कुणावर आवाज चढवला नाही. एका गावातल्या पुष्कळ माणसांनी हिच्यावर पहिल्या चुका केल्या आणि कुणाला लागलं नाही. चालवणाऱ्यालाच द्यायची आहे.”

पिपाणी


२५ मार्च

ती. वन्सं यांना नमस्कार.

मापं सोबत आहेत. खरी आहेत, हसू नका.

हे पत्र मी यांना न सांगता लिहिते आहे. ती जाहिरात छापून आली त्या दिवशी यांच्या मालकांनी अंक टेबलावर आपटला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “ही जाहिरात आहे की शोकसंदेश?” तर हे म्हणाले, “दोन्ही.” मालक म्हणाले, एकही शब्द असा नाही की ज्याने माणूस खिशात हात घालेल. यावर यांनी काय उत्तर दिलं ते मला सांगत नाहीत, पण त्यानंतर यांना जाहिरातींवरून काढून मागच्या आवारात टाकलंय. तिथे आलेल्या गाड्या धुवायच्या, सुरू करून बघायच्या, इकडच्या तिकडे नेऊन लावायच्या. या वयात.

मी घाबरले होते. म्हटलं, आता घरात नुसती धुसफूस. पण वन्सं, खरं सांगू? हे संध्याकाळी हातापायांना ग्रीस लावून येतात आणि चक्क गप्प बसतात. छान गप्प. परवा आमटी प्यायले आणि म्हणाले, “मीठ कमी आहे.” मला इतकं बरं वाटलं!

तुम्ही यांना विचारू नका, आपणहून सांगतील.

तुमची
भावजय


४ एप्रिल

चि. पिपाणीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी शेडमध्ये जाऊन, गाडीत बसून वाचलं. मागे नाही, पुढे, ह्यांच्या जागेवर. दाराची मूठ धरून बघितली.

मला ते दिसलं नव्हतं रे. मला वाटायचं, ह्यांना भीती ठाऊकच नाही. इतकी वर्षं मागे बसून मी फक्त मान बघितली, आणि मान तर कधी हलली नाही. म्हणजे नर्सच्या वेळी, मुख्याध्यापकांच्या सुनेच्या वेळी, आणि मी लेकीला मांडीवर घेऊन मागे बसलेली असताना, प्रत्येक वेळी ती मूठ तशीच आवळलेली असणार. आणि घरी आल्यावर म्हणायचे, “आज काही विशेष नाही, चहा टाक.” आता मी त्यांच्यावर रागवू की काय करू? बसून पोटभर रडले. वर्षभरात पहिल्यांदा चांगलं रडले. मांजर खिडकीतून बघत होतं, त्याला म्हटलं, जा, तुझं काही काम नाही.

जाहिरात अगदी बरोबर आहे. एकच चूक: कुणाला लागलं नाही असं नाही, माझ्या बोटांना सुई लागली.

ती वाचून दोन माणसं येऊन गेली. एकाला दुसऱ्या ब्रेकचं काय करायचं ते कळेना. दुसरा तुझ्या भाषेत बोलत होता. गाडीभोवती फिरून म्हणाला, “हिच्यात एक आत्मा आहे.” मी म्हटलं, आहे, पण आधी चाकात हवा भरावी लागेल. तो गेला.

आता एक नवरा बायको येणार आहेत. तो आगीच्या बंबावर ड्रायव्हर होता, निवृत्त झाला आहे. फोनवर बाईच बोलली. तिने एकच प्रश्न विचारला, “बाजूचा ब्रेक खरंच लागतो ना?” 

आवारात ऊन फार असतं का? टोपी घालत जा.

तुझी
ताई


१० एप्रिल

ती. ताईस नमस्कार.

टोपी घालतो. म्हणजे हिने कळवलं तर! चांगलं केलं. मला स्वतः लिहायला लाज वाटत होती, पण लाजण्यासारखं काही नाही. काल एक गाडी सुरू होईना, सगळे सोडून गेले. मी बसून राहिलो, बटण ओढलं, थांबलो, चावी, पुन्हा थांबलो. झाली. मालक खिडकीतून बघत होते. म्हणाले, काय केलंस? म्हटलं, काही नाही, घाई केली नाही.

त्या बंबवाल्यांची नीट चौकशी कर. बाजूच्या ब्रेकचं का विचारते ती बाई? त्याला दिसत नाही का? पाय लटपटतो का? ताई, चांगल्या घरी जाऊ दे म्हणालीस, पण भोळेपणाने देऊ नकोस. आधी चालवायला सांग. चढावर ने. तुझ्याइतकी परीक्षा कुणी घेऊ शकणार नाही.

तुझा
पिपाणी


२१ एप्रिल

चि. पिपाणीस आशीर्वाद.

गाडी गेली. सगळं सांगते, सावकाश वाच.

ते दोघं सकाळीच आले. तो उंच, खांद्यात थोडा वाकलेला, मिशा पांढऱ्या. ती त्याच्या कोपराएवढी आणि आवाज मात्र बंबाच्या घंटेसारखा. मला एकदाही “काय म्हणालात?” विचारावं लागलं नाही. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. परीक्षा नव्याने देऊन परवाना घेतला, डॉक्टरांनी दिवसाउजेडी, जवळपासच्या रस्त्यांवर चालवायला हरकत नाही म्हणून लिहून दिलं. पण मुलं ऐकेनात. बाबा, आता पुरे, म्हणून किल्ली काढून घेतली. आयुष्यभर आगीकडे गाडी नेलेला माणूस, खिडकीत बसून दुसऱ्यांच्या गाड्या बघायला लागला. जेवण कमी झालं. बोलणं कमी झालं.

बाई म्हणाली, “मी रोज बाजूला बसायला तयार आहे. पण मी बसून करणार काय? लग्न झाल्यापासून हे गाडी चालवतात आणि मी शेजारी बसून पायाने जमीन दाबते. आजवर तिथे काही नव्हतं. तुमच्या गाडीत आहे म्हणे!”

मी त्यांना आधी चहा दिला, आणि मग गाडीत बसवलं. चाकात हवा आणि बॅटरी मी आदल्या दिवशीच भरून घेतली होती. तू म्हणालास तशी परीक्षा घेतली. मी मागे. स्टेशन, चढ, बाजार, घर. चढावर त्याने गाडी मुद्दाम थांबवली आणि पुन्हा उचलली, मागे तसूभर सरकू दिली नाही. काय हात आहे रे त्याचा! गिअर बदलल्याचं कळत नाही. बाजारात एक सायकलवाला आडवा आला तेव्हा मात्र दोघांनी एकदम ब्रेक दाबला आणि आम्ही तिघं पुढे आदळलो. तो म्हणाला, “मी दाबला होता.” ती म्हणाली, “मीही दाबला होता.” तो म्हणाला, “मग दोनदा कशाला?” ती म्हणाली, “खात्री.”

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. व्यवहार तुझ्या बायकोच्या मापांइतकाही लांबला नाही.

जाताना त्याने शेडमध्ये सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, “साहेबांचं आणखी काही गाडीत राहिलंय का?” मी म्हटलं, नाही, जे आहे ते गाडीचंच आहे. खरं तर मी कालच सगळं काढून ठेवलं होतं. एक चष्मा, एक फडकं, आणि डाव्या कप्प्यात शेंगदाण्याची टरफलं. टरफलं टाकून दिली. मग उचलून पुन्हा ठेवली. मग टाकून दिली.

मला वाटलं होतं, गाडी फाटकाबाहेर पडताना मला सोसणार नाही. लेक म्हणाली होती, मी येते तुझ्याजवळ. नको म्हटलं. फाटकात एकटीच उभी राहिले. गाडी निघाली. खिडकीतून बाईचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता, डावीकडून चला म्हणत होती. तो म्हणत होता, उजवीकडचा रस्ता जवळचा. ती म्हणाली, जवळचा असेल, पण डावीकडे झाडं आहेत. तो म्हणाला, झाडं बघायची तर बसने यायचं. किती दिवसांनी त्या गाडीत कुणीतरी मनापासून भांडत होतं!

आपल्या रस्त्याच्या टोकाला डावा दिवा लुकलुकायला लागला. मग तो बंद झाला आणि उजवा लागला. मग पुन्हा डावा. मी फाटक धरून बघत होते.

गाडी सरळ गेली.

मी इतक्या मोठ्याने हसले की शेजारीण धावत बाहेर आली. “अहो, काय झालं?” म्हणाली. मी हसता हसता नुसतं रस्त्याकडे बोट दाखवलं. तिने डोळ्यांवर आडवा हात धरून पाहिलं, तोवर रस्त्यावर काही उरलं नव्हतं.

तुझी
ताई